शहर कुणाला मत देतं आणि शेजारी दार उघडतो का?

पत्र: "आम्ही एप्रिलमध्ये कोल्हापुरातून नागपूरला आलो. माझी बँकेतली बदली, नवऱ्याचं काम घरून, मुलगी तिसरीत. मनीषनगरात चौथ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, इमारतीत २४ घरं. आठ महिने झाले. लिफ्टमध्ये सगळे हसतात, 'या न घरी' म्हणतात, पण ना कुणी येतं, ना बोलावतं. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून राजकीय मेसेज सुरू होतात आणि ते आमच्या विचारांच्या नेमके उलट असतात. कोल्हापूरच्या मैत्रिणी म्हणतात, 'ते शहरच त्या विचारांचं, तुम्हाला कोण जवळ करणार?' नवरा म्हणतो, मार्चमध्ये अकरा महिन्यांचा करार संपला की आपल्या विचारांचे लोक राहतात अशा वस्तीत जाऊ. शहराच्या राजकारणाचा आणि तिथल्या आपुलकीचा खरंच संबंध असतो का? घर बदलावं का? आणि तोवर मतं लपवून राहावं का?" – स., मनीषनगर

स. ताई,

एवढ्यासाठी मार्चमध्ये घर हलवू नका. हलवण्यासारखं एक कारण असू शकतं, ते पुढे सांगतो. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये मात्र ते सापडणार नाही.

आधी मैत्रिणींचं म्हणणं तपासू. 'त्या विचारांचं शहर' म्हणजे नेमक्या कोणत्या? १९२५च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी संघ स्थापला तो नागपुरात, आणि मुख्यालय आजही इथल्या महाल भागात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तीही नागपुरात, आणि तो दिवसही विजयादशमीचाच. आजही दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो आणि काही किलोमीटरवर दीक्षाभूमीला देशभरातून माणसं लोटतात. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणारं १९२०चं काँग्रेस अधिवेशन इथलं, १९२३चा झेंडा सत्याग्रहही इथलाच. यातलं एकच पान फाडून घेतलं तर शहराला हवं ते नाव देता येतं.

मतांचा हिशेब आणखी बोलका आहे. १९७१मध्ये नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोट्यांना लोकसभेत पाठवलं. १९७७मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, तेव्हा नागपूरने काँग्रेसचाच खासदार दिला. भाजपला ही जागा पहिल्यांदा मिळाली ती १९९६मध्ये, आणि तेव्हाचे विजयी उमेदवार बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९मध्ये इथूनच काँग्रेसतर्फे निवडून आलेले होते. त्यानंतर १९९८ ते २००९ सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार, आणि २०१४पासून नितीन गडकरी. म्हणजे शहराचा शेजारधर्म खासदारावर ठरत असता, तर एकाच पिढीत तो तीनदा पालटायला हवा होता. २००९मध्ये वाटीभर साखर देणारी काकू २०१४मध्ये दार लावून बसली, असं काही झालं नाही.

आता हेच गणित तुमच्या इमारतीला लावा. २०२४च्या लोकसभेत नागपुरात सुमारे ५४ टक्के मतदान झालं. गडकरींना ६,५५,०२७ मतं पडली, काँग्रेसच्या विकास ठाकरेंना ५,१७,४२४. प्रत्येक घरातला एक मतदार धरला आणि शहराची सरासरी लावली, तर २४पैकी ११ जण मत द्यायला गेलेच नाहीत, सात एका बाजूला, पाच-सहा दुसऱ्या बाजूला. तुमची इमारत सरासरीपेक्षा वेगळी असेल, हे मान्य. म्हणूनच एक आठवडा ग्रुपवर राजकीय मेसेज कोण टाकतं ते मोजा. नाव आणि संख्या, एवढंच. बहुतेक अशा ग्रुपांत तीन-चार नंबर सगळा गोंगाट करतात आणि बाकीचे घरात बसून ग्रुप म्यूट करतात, अगदी तुमच्यासारखेच. त्या तिघा-चौघांवरून २४ घरांचा अंदाज बांधलात, ही तुमची पहिली चूक. अशी चूक कुणाचीही होते, कारण फोनवर आवाज त्यांचाच असतो.

अभ्यासकांनी काय पाहिलंय, तेही सांगतो, कारण तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ 'नाही' असं नाही. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने जगातल्या २३ मोठ्या शहरांत अनोळखी माणसाला मदत किती मिळते ते मोजलं. रस्त्यात पेन पाडायचं, पायाला इजा झालेल्या माणसासारखं चालताना हातातली मासिकं सांडायची, अंध व्यक्ती बनून रस्ता ओलांडायला उभं राहायचं, आणि कोण पुढे येतं ते नोंदवायचं. २००१मध्ये निष्कर्ष छापले गेले. रिओ द जानेरो पहिलं आलं, कोलकाता चौथं, व्हिएन्ना पाचवं. न्यूयॉर्क खालून दुसरं, क्वालालंपूर शेवटचं. कोलकात्याच्या राज्यात, पश्चिम बंगालमध्ये, तेव्हा डाव्या आघाडीची सत्ता होती, १९७७पासून सलग. पण कोलकात्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या व्हिएन्नाचं राजकारण कोलकात्यासारखं नव्हतं. मदतीशी थोडाफार संबंध दिसला तो पैशाचा: श्रीमंत देशांतल्या शहरांत मदत कमी. लेव्हिनने आधी अमेरिकेतल्या ३६ शहरांत असंच मोजलं होतं, तिथे सगळ्यात जास्त फरक पडला तो लोकवस्तीच्या दाटीने.

उलट बाजूचाही पुरावा आहे. २०१३मध्ये अमेरिकेतल्या लाखो लोकांच्या स्वभावचाचण्यांवरून देशाचे तीन पट्टे काढले गेले. त्यात मधल्या भागातला पट्टा 'मनमिळाऊ आणि परंपरा पाळणारा' निघाला, आणि तो उजव्या बाजूला जास्त मत देणारा आहे. म्हणजे तिथे सरासरीत काहीसा संबंध दिसतो, आणि तो तुमच्या मैत्रिणींच्या समजुतीच्या उलट दिशेने जातो! पण त्याआधी, २०१०च्या एका अभ्यासाने जास्त उपयोगी गोष्ट दाखवली होती. आपण ज्याला मनमिळाऊपणा म्हणतो त्यात दोन धागे असतात: एक कळवळा, दुसरा रीतभात. कळवळा उदारमतवाद्यांत थोडा जास्त आढळला, रीतभात परंपरावाद्यांत. लिफ्टमध्ये हसणं ही रीतभात. रात्री अकराला मुलीला ताप आला म्हणून गाडी काढणं हा कळवळा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही, आणि आठ महिन्यांत तुम्ही फक्त पहिलं पाहिलंय. दुसरं पाहायची वेळच आलेली नाही.

शिवाय भागाची सरासरी माणसाला लावता येत नाही. रॉबिन्सन नावाच्या अभ्यासकाने १९५०मध्ये याचं फार सुंदर उदाहरण दिलं. अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. प्रत्यक्षात परदेशी जन्मलेला माणूस इतरांपेक्षा कमी साक्षर होता. तो फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिला होता. शहराचा कल बघून शेजारणीचं मन ओळखायला गेलं की हीच गफलत होते.

मग आठ महिन्यांत कुणी जवळ का आलं नाही? आमच्या मते त्याची कारणं मतपेटीपासून फार लांब आहेत.

पहिलं कारण ऊन. तुम्ही आलात एप्रिलमध्ये. नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा दारं-खिडक्या बंद असतात. पारा ४५ अंशांपुढे जातो, डेझर्ट कूलरच्या आवाजात बेलसुद्धा ऐकू येत नाही, सुट्टीत अर्धी घरं गावाला जातात. या काळात आलेल्याला इमारत ओसाडच वाटते. इथली भेटीगाठींची मोसम पोळ्यापासून सुरू होते: तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्यांचं जेवण, भुलाबाई, कोजागिरी. तेव्हा तुम्ही चार महिन्यांच्या 'नव्या भाडेकरू' होतात. भुलाबाईची गाणी म्हणायला मुली घरोघर जातात आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. कोल्हापुरात तुमच्याकडे हादगा-भोंडला असतो, म्हणून मुलीला हे नाव कदाचित ओळखीचं वाटलं नसेल आणि ती खाली गेली नसेल. पुढच्या भाद्रपद पौर्णिमेच्या आठवडाभर आधी समोरच्या काकूंना विचारून ठेवा.

दुसरं कारण लिफ्ट. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसाहतीत कोण कुणाचा मित्र होतो ते तपासणारा अभ्यास १९५०मध्ये छापला गेला, त्यात जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त निघाल्या. कारण लोक तिथून वारंवार जात. महाल-इतवारीच्या जुन्या घरांना ओटा असतो, तिथे येणाराजाणारा आपोआप थांबतो. नव्या फ्लॅटमध्ये पार्किंगमधून लिफ्ट, लिफ्टमधून दार. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला दिवसाकाठी शेजारी भेटतो दोन मिनिटं.

आता ही दोन मिनिटं मांडून बघा. २०१८मध्ये जेफ्री हॉल या अभ्यासकाने नुकतंच शहर बदललेल्या प्रौढांना विचारून अंदाज काढला, की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, मैत्रीला ९०, जिवलग व्हायला २००च्या वर. ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे कामी येत नाहीत. रोज दोन मिनिटांनी ५० तास भरायला दीड हजार दिवस लागतील, म्हणजे चार वर्षं. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास एकत्र घालवलात तर तेच ५० तास सतरा आठवड्यांत भरतात. तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

तिसरं कारण 'या न'. कोल्हापुरात 'या की जेवायला' म्हटलं की पाठोपाठ दिवस-वेळ ठरते. नागपुरी 'या न घरी' हे उघडं दार असतं, दिवस-वेळ तुम्ही ठरवायची असते. समोरचा बहुधा असं धरून चालतो की मी बोलावलं, आता यांना यायचं नसेल. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये लगेच म्हणा, "उद्या सातला येते, अर्धा तास." चहाला 'नाही' म्हणू नका, पोहे पुढे आले तर तर्रीसकट खा. वाटीतून काही आलं तर वाटी रिकामी परत पाठवू नका, हे तुम्हाला सांगायला नको. आणि 'करून राहिलो', 'जाऊन राहिली' हे ऐकून मुलगी हसली तर तिला त्याच वेळी थांबवा. इथल्या बोलीला हसणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाबद्दल विदर्भात खूप जुना राग आहे, आणि १९५६पर्यंत जे शहर एका मोठ्या प्रांताची राजधानी होतं, त्याचा तो राग समजण्यासारखा आहे. भाजीवाल्याकडे सांबार मागितला की कोथिंबीर मिळते. अशा शब्दांनी सुरुवात केली की लोक स्वतःहून पुढचे शब्द शिकवतात. बाजारात हिंदी ऐकू आली तर ती परकेपणाची खूण समजू नका. मराठी-हिंदी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची ही राजधानी होती, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांमुळे बाहेरून येणारी माणसं तिने पिढ्यान् पिढ्या सामावून घेतली आहेत.

आता राजकारण खरंच कुठे आडवं येतं ते सांगतो, कारण ते झाकून ठेवणं तुमच्यावर अन्याय होईल. कोण किती हसतं यात ते फारसं दिसत नाही. कुणाला आत घेतलं जातं यात ते दिसतं. घर दाखवताना आडनाव विचारणं, 'फक्त शाकाहारी' ही अट, अमुक धर्माचे पाहुणे आले तर कुरकुर, हळदीकुंकवाला कामवाल्या मावशींना वगळणं. इतरांशी अत्यंत गोड वागणाऱ्या इमारतीतही हे असू शकतं, आणि तिथे गोडव्याला काही अर्थ उरत नाही. घर हलवण्याचं कारण म्हटलं ते हेच. तुमच्या स्वयंपाकघरावर, पाहुण्यांवर किंवा मुलीच्या मैत्रिणींवर कुणी बोट ठेवलं असेल, तर मार्चची वाट बघा आणि निघा. तसं काही घडलेलं तुम्ही लिहिलेलं नाही.

१७ मार्च २०२५ला महालात हिंसाचार झाला, शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. नागपूरसारख्या आपुलकीच्या शहरात हे कसं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या तीन जोड्या लावून नेमका हाच प्रश्न अभ्यासला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की मोठ्या शहरात नुसता रोजचा नमस्कार-चमत्कार ताण आला की तुटतो. टिकतात ती एकत्र कामाची नाती: व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालयं, मंडळं, जिथे वेगवेगळ्या समाजांची माणसं एकाच रजिस्टरवर सह्या करतात. तुमच्या विचारांच्या लोकांची वस्ती शोधणं म्हणजे ही नाती आणखी कमी करणं. मग दोन्ही बाजूंच्या वस्त्या आपापल्या ग्रुपवर आपापले मेसेज वाचत बसतात.

तरीही घर बघायचंच ठरलं, तर वस्तीचं मतदान बघू नका, इमारत बघा. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला आणि एकदा रविवारी सकाळी दहाला जा. खाली खुर्च्या टाकून कुणी बसलंय का, मुलं खेळतायत का, लोक जिना वापरतात का ते पाहा. चौकीदाराला विचारा, गेल्या वर्षभरात किती भाडेकरू सोडून गेले आणि का. घरमालकाला तीन प्रश्न स्पष्ट विचारा: घरात मटण-अंडी शिजलेली चालतील का, पाहुणे रात्री राहिले तर चालेल का, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जातिधर्माबद्दल इमारतीत काही 'नियम' आहे का. तांबडा-पांढरा रस्सा करणाऱ्या घराने पहिला प्रश्न तरी टाळू नये. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं घर. करारात लॉक-इन किती महिन्यांचं आणि नोटीस किती, हे वाचून मगच सही करा, आणि करार नोंदणीकृतच करा.

ग्रुपबद्दल: राजकीय मेसेजला तिथे उत्तर देऊ नका, अंगठासुद्धा नको. लेखी वादात माणूस मागे हटत नाही, कारण बाकीची २३ घरं बघत असतात. सेक्रेटरींना भेटून एवढंच मागा, की पाणी, लिफ्ट, कचऱ्यासाठी वेगळा 'सूचना' ग्रुप असावा आणि त्यात फक्त अॅडमिनला लिहिता यावं. मागणी तुमच्या एकट्याची नसावी, म्यूट करून बसलेल्यांतले दोघे आधी सोबत घ्या. ते दोघे कोण, हे शोधण्यातच तुमच्या पहिल्या दोन ओळखी होतील.

मतं लपवू नका. फक्त क्रम सांभाळा. ज्या माणसाशी तुम्ही टाकीच्या सफाईवर, मुलीच्या शाळेच्या व्हॅनवर बोलला आहात, त्याला तुमचं मत पचतं. ज्याच्याशी पहिलंच बोलणं राजकारणावर झालं, त्याच्यासाठी तुम्ही कायम ते मतच राहता. कुणी थेट विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा आणि लगेच त्यांना विचारा, 'तुम्हाला काय वाटतं?' इथे पानठेल्यावर आणि पोह्यांच्या गाडीभोवती लोक रोज कडाकडा भांडतात आणि एकाच दुचाकीवरून घरी जातात. मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, निघतात, त्यात सत्तेतला असो की विरोधातला, कुणाचीही गय नसते. तोंडावर बोललेलं इथे सहन होतं. माणूस तुटक वागला तर ते लागतं.

आता डिसेंबर संपत आलाय, म्हणजे मुहूर्त चांगला आहे. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला एक शनिवार धरा, वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. ग्रुपवर निमंत्रण टाकू नका, दोन दिवस आधी मुलीला घेऊन जिन्याने उतरत दार-दार सांगा. 'हळदीकुंकू' म्हटलं तर विधवा आणि इतर धर्मांच्या बायका आपोआप मागे राहतात, म्हणून 'तिळगुळाला या, सगळे या' असं म्हणा. चोवीसही घरं, ग्रुपवरचे ते चारही, चौकीदार आणि सफाईवाल्या मावशी धरून. घरामागे चार लाडू म्हणजे शंभराच्या आसपास लागतील. एक किलो तीळ, ९०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, पाव किलो दाण्याचं कूट, चार चमचे तूप. वीस ग्रॅमचा लाडू वळलात तर पुरतात. पाक गोळीबंद झाला की लगेच उतरवा, पुढे गेला तर लाडू दातांनी फुटत नाहीत. आणि सगळे एकटीने वळत बसू नका. शंभर लाडू गरम असतानाच वळायला चार हात कमी पडतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी समोरच्या काकूंचं दार वाजवा आणि म्हणा, "काकू, पाक घेतलाय, येता का न जरा?"